डॉ. लूसी विल्स व मातांचा पंडुरोग

मनुष्याच्या हृदयात दया उत्पन्न होणे ही ईश्वराची देणगी होय. परंतु त्या दयेस ज्ञानाची व विवेकाची जोड मिळाली नाही, तर तिच्यापासून व्हावे तितके हित होत नाही. इतकेच नव्हे, तर प्रसंगी अहितही होते. भुकेल्यास अन्न द्यावे हे खरे. पण ज्याने पुष्कळ दिवस उपास काढले आहेत, त्याच्यापुढे एकदम पक्वान्नांचे ताट वाढले तर ते त्याच्या जिवावर बेतते. पेज पाजावी, तीही थोडीथोडी, हे शहाण्या आईस ठाऊक असते. दयेस अशी शिस्त लावून जिने असंख्य मातांचे प्राण वाचविण्याचा मार्ग दाखविला, अशा एका विदुषीचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांची कीर्ती जगभर झाली, परंतु त्या कीर्तीचा उगम आपल्या मुंबई शहरात, गिरण्यांच्या धुराखाली झाला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

लूसी विल्स यांचा जन्म इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्ड या गावी १० मे १८८८ रोजी झाला. त्यांच्या घराण्याचा धंदा विळे, कोयते व अशीच धारेची हत्यारे करण्याचा होता. वडील शास्त्रविषयाचे पदवीधर असून आई एका डॉक्टरांची कन्या होती. त्यामुळे झाडाचे पान असो की रानातला दगड असो, तो नीट न्याहाळून पाहावा, ही सवय त्यांस घरातच लागली. पुढे त्यांस चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध विद्यालयात घालण्यात आले. मुलींस गणित व शास्त्रे मुलांच्या बरोबरीने शिकविणारी जी थोडी विद्यालये त्या काळी होती, त्यांत हे अग्रगण्य होते. आमच्या वाचकांस हे वाचून संतोष होईल की, आपल्या पंडिता रमाबाई या याच विद्यालयात १८८४ पासून १८८६ पर्यंत राहिल्या होत्या. म्हणजे ज्या वास्तूत आपल्या रमाबाईंनी विद्येचा व्यासंग केला, तिच्यातच काही वर्षांनी ही बालिका विद्या शिकू लागली.

चेल्टनहॅमहून लूसी विल्स केंब्रिज येथील न्यूनम कॉलेजात गेल्या व तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास करून १९११ साली शेवटची परीक्षा दिली. परीक्षा दिली, परंतु पदवी मिळाली नाही. कारण केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांस परीक्षेस बसू देई, पण पदवी देत नसे. हा अन्याय १९४८ साली दूर झाला. त्याच सुमारास घरावर दुःखाचे आघात झाले. १९११ साली वडील वारले व पुढे थोड्याच काळात एक बहीणही गेली. नंतर त्या सिलोन व दक्षिण आफ्रिका या देशांत गेल्या. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या केपटाउन येथे होत्या. तेथे त्यांनी स्वयंसेविका म्हणून रुग्णशुश्रूषा केली. आपले आयुष्य कोणत्या कामी लावावे, हा प्रश्न या दिवसांत सुटला. इंग्लंडास परत येऊन १९१५ च्या आरंभी त्यांनी लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. आपल्या डॉ. रखमाबाई याही याच विद्यालयातून १८९४ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या. १९२० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, लूसी विल्स डॉक्टर झाल्या. परंतु त्यांनी दवाखाना थाटला नाही. रोगाचे मूळ शोधावे ही त्यांची आवड असल्यामुळे त्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करू लागल्या.

आता आपण मुंबईकडे वळू. त्या काळी मुंबईत कापडाच्या गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत असत. त्यांच्यापैकी पुष्कळ स्त्रियांस गरोदरपणात एक विलक्षण पंडुरोग जडत असे. चेहरा पांढराफटक पडे, पाय सुजत, चार पावले चालले तरी धाप लागे, जीभ लाल होऊन अन्न तोंडात घेववत नसे. आणि अशा स्थितीत बाळंतपण आले की आई व मूल यांपैकी एक किंवा दोघेही दगावत. लोह दिले तरी रोग हटत नसे. बाळंतपणात स्त्रिया इतक्या का मरतात, याची चौकशी भारतीय संशोधन निधी संस्थेने आरंभिली होती व ती डॉ. मार्गारेट बाल्फर या चालवीत होत्या. त्यांच्या साहाय्यार्थ डॉ. विल्सबाई १९२८ साली मुंबईस आल्या व परळ येथील हाफकिन संस्थेत त्यांनी आपले काम मांडले.

विल्सबाईंची काम करण्याची रीत विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. त्यांनी आल्याबरोबर औषध देण्यास सुरुवात केली नाही. त्या प्रथम विचारू लागल्या. या स्त्रिया काय खातात? किती खातात? कोठे राहतात? कोणत्या समाजात हा रोग अधिक व कोणत्या कमी? रोगी स्त्रियांच्या आतड्यांतील जंतू तपासून पाहिले, परंतु त्यांत कारण सापडले नाही. आहाराची टिपणे मांडली, तेव्हा मात्र उजेड पडू लागला. ज्यांच्या घरी दारिद्र्यामुळे ताजी भाजी, फळे, दूध व मांस यांचा अभाव, त्यांच्यातच हा रोग विशेष आढळे. तेव्हा रोगाचे कारण बाहेरून आलेले विष नसून अन्नातील एखाद्या द्रव्याची उणीव असावी, असे त्यांच्या मनाने घेतले.

परंतु मनाने घेतले म्हणजे सिद्ध झाले, असे त्या मानीत नसत. त्यांनी पांढऱ्या उंदरांस त्या गरीब स्त्रियांच्या आहारासारखाच आहार देऊन पाहिला. उंदरांच्या अंगातील रक्त कमी झाले; आणि आहारात यीस्ट, म्हणजे दारू व पाव फुगविण्यास लागणारे किण्व, मिसळले असता तो रोग टळला. दुसरा कोणी असता तर येथेच विजयाचा डंका वाजविता. पण पुढे असे आढळून आले की, त्या उंदरांच्या रक्तात बार्टोनेला नावाचा एक जंतू होता व तो त्यांच्या अंगावरील उवांच्या योगाने पसरत असे. म्हणजे उंदरांच्या पंडुरोगात निकृष्ट अन्न व जंतू या दोहोंचा गुंता होता. एकाच देहात उणीव व जंतुरोग एकत्र नांदत असले म्हणजे कोणाचा दोष किती, हे ठरविणे किती कठीण असते, हा धडा शास्त्रज्ञांस येथे मिळाला. वाचकांनी हा धडा ध्यानात ठेवावा; पुढे आपणांस त्याची गरज पडणार आहे.

दरम्यान विल्सबाईंनी रोगी स्त्रियांवर यीस्टचा प्रयोग सुरू केला होता. त्यासाठी त्यांनी मार्माइट निवडले. मार्माइट हा यीस्टपासून काढलेला काळसर, खारट असा अर्क असून इंग्लंडात तो पावास लावून खातात. तो स्वस्त असून सहज मिळण्यासारखा होता. परिणाम पाहून सर्वांस आश्चर्य वाटले. ज्यांची आशा सोडली होती, अशा स्त्रियांस थोड्याच दिवसांत भूक लागू लागली, रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या व त्या उठून बसू लागल्या. १९३१ साली विल्सबाईंनी ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. नंतर उंदरांवर विसंबून न राहता त्यांनी माकडांवर प्रयोग केले व निकृष्ट आहाराने माकडांतही तसाच पंडुरोग उत्पन्न होतो, हे दाखविले. त्यांचे काम मुंबईप्रमाणेच निलगिरीतील कुन्नूर येथे व मद्रास येथेही चालले होते. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांनी उघडकीस आणली. दुसऱ्या एका दुर्धर पंडुरोगावर त्या वेळी यकृताचा शुद्ध अर्क गुणकारी ठरला होता. तो अर्क या स्त्रियांस लागू पडेना, पण यकृताचा कच्चा अर्क लागू पडे. अर्थात शुद्ध करताना जे द्रव्य बाजूस टाकले जात होते, तेच या मातांचे जीवन होते! त्या अज्ञात द्रव्यास लोक विल्स-घटक म्हणू लागले.

१९३७ साली त्या पुन्हा हिंदुस्थानात आल्या, त्या विमानाने. साऊदॅम्प्टनहून निघालेले ते पाण्यावर उतरणारे विमान मुक्काम करीत करीत कराचीस पोहोचले. वाटेत ते तिबिर्य येथे गालील सरोवरावरही उतरले. ज्या सरोवराच्या काठी प्रभूने रोग्यांस बरे केले, त्यावरूनच आपल्या देशातील रोगी मातांकडे येणाऱ्या या विदुषीचा मार्ग गेला, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. पुढे रॉयल फ्री रुग्णालयात रोगनिदानतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केले व दुसऱ्या महायुद्धाचे कठीण दिवसही तेथेच काढले. १९४७ साली सेवानिवृत्त झाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. जमेका, फिजी इत्यादी देशांत जाऊन त्यांनी आहार व पंडुरोग यांविषयी संशोधन केले, आणि चेल्सी येथे मजूर पक्षातर्फे नगरसेविका म्हणून लोकसेवाही केली. त्यांनी विवाह केला नाही. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या हयातीतच त्या अज्ञात द्रव्याचे नाव जगास कळले. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पालकाच्या सुमारे चार टन पाल्यातून ते वेगळे काढले, व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल असे नाव दिले. थोड्याच वर्षांनी ते कारखान्यात तयार करण्याची युक्ती साधली. त्या मंडळीचे धुरीण आपल्या आंध्र देशातील डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. शरीरात नव्या पेशी घडविण्यास हे आम्ल लागते. गर्भिणीच्या उदरात एक नवा देह घडत असतो, म्हणून तिला ते अधिक लागते. पुढे असेही कळले की, गर्भाच्या अगदी पहिल्या महिन्यात ते कमी पडले तर बालकाचा पाठीचा कणा व मेंदू यांत व्यंग राहण्याचे भय असते. १९९१ साली ही गोष्ट प्रयोगाने निश्चित झाली. अशा रीतीने परळच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या धाग्याचे टोक साऱ्या जगाच्या हाती आले.

चरित्र येथे संपले असे म्हणता येईल. परंतु विल्सबाईंच्या कार्याची खरी कसोटी त्यांच्या मागे लागली. इतके उपयुक्त व इतके स्वस्त द्रव्य जर गरीब मातांस व बालकांस सरसकट भरपूर दिले, तर त्यात हरकत ती कोणती? जेथे हिवताप नाही, तेथे हा प्रश्न फारसा कठीण नाही. परंतु जेथे हिवताप घरोघरी आहे, तेथे तो फार बिकट आहे. हिवतापाचा जंतू डासाच्या दंशाने शरीरात शिरतो व रक्ताच्या तांबड्या पेशींत घर करून त्या फोडतो. त्या भरून काढण्यास फॉलिक आम्ल अधिक लागते. म्हणजे हिवतापाने पिडलेल्या मातेस त्याची गरज दुप्पट. परंतु त्या जंतूसही आपली वंशवृद्धी करण्यास याच जातीचे द्रव्य लागते! मनुष्य ते अन्नातून घेतो. जंतू ते स्वतः बनवितो, व प्रसंगी यजमानाच्या रक्तातूनही उचलतो.

जंतूच्या या गरजेचा उपयोग करून शास्त्रज्ञांनी औषधे शोधली. सल्फाडॉक्सिन व पायरिमेथामिन ही दोन औषधे एकत्र दिली असता जंतूची फॉलिक द्रव्य बनविण्याची वाट दोन ठिकाणी अडते व तो उपासमारीने मरतो. आफ्रिकेतील हिवतापी प्रदेशांत गर्भिणींस ही जोडगोळी ठराविक अंतराने, किमान एक महिन्याच्या फरकाने, देण्याची पद्धत आहे. आता पाहा, एका हाताने जंतूचे अन्न तोडायचे व दुसऱ्या हाताने तेच अन्न रक्तात ओतायचे, हे कसे काय जुळावे? शत्रूच्या किल्ल्यास वेढा घालावा व मागील दाराने धान्याच्या गोण्या आत पाठवाव्या, तशातला हा प्रकार.

मग काय, मातेस फॉलिक आम्ल देऊच नये? येथेच तराजूची गरज लागते. केनया देशाच्या पश्चिम भागात गर्भिणींचे गट करून हा प्रश्न तपासण्यात आला व त्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींस रोज ५ मिलिग्रॅम, काहींस रोज ०.४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल देण्यात आले, व काहींस आरंभीचे काही दिवस मुळीच दिले नाही. पाच मिलिग्रॅमच्या मात्रेने हिवतापाच्या औषधाचा गुण उणावला, ०.४ मिलिग्रॅमच्या मात्रेने तसे झाले नाही. दोन मात्रांत साडेबारा पटींचे अंतर! लहान मात्रेने मातेची गरज भागते व औषधासही बाध येत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने असा निर्णय दिला आहे की, ही जोडगोळी चालू असताना रोज ०.४ मिलिग्रॅम द्यावे, परंतु ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक देऊ नये. आपल्या देशात गर्भिणींस सरकारातर्फे लोहासह जी गोळी मिळते, तिच्यातील फॉलिक आम्लही अर्धा मिलिग्रॅम एवढेच असते.

दुसरे उदाहरण याहूनही हृदयास चटका लावणारे आहे. झांझिबारजवळच्या पेंबा बेटात हिवताप फार. तेथे तीन वर्षांच्या आतील बालकांस पंडुरोग होऊ नये म्हणून लोह व फॉलिक आम्ल रोज देण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला. हेतू पूर्णपणे परोपकाराचा होता. परंतु ज्या बालकांस ही द्रव्ये मिळाली, त्यांच्यातच गंभीर आजार व मृत्यू अधिक होत आहेत, असे देखरेख करणाऱ्या मंडळास आढळले व २००३ साली त्या बालकांस ती देणे थांबविण्यात आले. याच सुमारास नेपाळात, जेथे हिवताप जवळजवळ नव्हता, तशीच द्रव्ये बालकांस दिली असता अशी हानी दिसली नाही. पेंबा येथेच ज्या थोड्या बालकांचे रक्त तपासून हिवतापावर उपचार होत होते, त्यांच्यापैकी ज्यांस लोहाची खरी उणीव होती, त्यांस तर लाभच झाला. दोन्ही द्रव्ये एकत्र दिली असल्यामुळे दोष कोणाकडे किती, हे त्या प्रयोगावरून वेगळे काढता येत नाही. पुष्कळ तज्ज्ञांचा संशय लोहावर अधिक आहे. पण एवढे निश्चित झाले की, हिवतापी प्रदेशात ही द्रव्ये देणे झाल्यास त्याबरोबर मच्छरदाणी, रक्ताची तपासणी व त्वरित औषधोपचार यांची व्यवस्था असलीच पाहिजे.

वाचकहो, विल्सबाईंचे ते उंदीर येथे आठवा. उवांनी आणलेला जंतू व अन्नातील उणीव यांचा गुंता परळला पडला होता. डासांनी आणलेला जंतू व तीच उणीव यांचा गुंता पेंबास पडला. परळला उंदीर मेले, पेंबास लेकरे गेली. पण ज्यांनी तो प्रयोग केला, त्यांनी आकडे झाकून ठेवले नाहीत. जगास सांगितले, म्हणूनच पुढील लेकरे वाचण्याची वाट झाली. आपल्या आवडत्या उपायाविरुद्ध पुरावा आला तरी तो डोळे उघडे ठेवून पाहणे, हीच विल्सबाईंची परंपरा होय.

यापासून आमच्या पालकवर्गाने भलताच अर्थ मात्र काढू नये. सरकारी दवाखान्यातून मिळालेली गोळी भयाने फेकून देणे हा शहाणपणा नव्हे. तशाने मातेचे व बालकाचे नुकसानच होईल. तसेच एका गोळीने गुण येतो तर दहांनी दसपट येईल, असे समजून आपल्या मनाने मात्रा वाढविणेही योग्य नव्हे. काही रोगांत डॉक्टर मोठी मात्रा मुद्दाम देतात. ती त्यांच्याच सांगण्यावरून घ्यावी, व हिवतापाचे औषध चालू असेल तर ते त्यांस अवश्य सांगावे. ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे, घराभोवती पाणी साचू देऊ नये, मच्छरदाणी वापरावी. आणि मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग यांसारखे आपल्या स्वयंपाकघरातले पदार्थ विसरू नयेत. त्यांत हे द्रव्य असते. भाजी फार वेळ उकळून तिचे पाणी ओतून टाकल्यास ते पुष्कळसे वाया जाते, एवढे गृहिणींनी ध्यानात ठेवावे.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. त्याने जखमी वाटसरूच्या जखमांस तेल व द्राक्षारस लावला, एवढेच आपण बहुधा सांगतो. परंतु तो तेथेच थांबला नाही. त्याने त्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, दुसऱ्या दिवशी दोन नाणी मोजून दिली, आणि परत येऊन उरलेला खर्च भागविण्याचे कबूल केले. त्याच्या दयेत हिशेब होता, व पुन्हा येऊन पाहण्याची तयारी होती. डॉ. लूसी विल्स यांची दयाही याच जातीची होती. त्यांनी विचारले, मोजले, तपासले, व चार वेळा पडताळून मगच औषधाचा चमचा पुढे केला. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी डॉक्टर होतील, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी आईबाप. दुसऱ्याचे भले करण्याची इच्छा ईश्वराने सर्वांस द्यावी, आणि ते भले खरोखरच होते आहे की नाही, हे थांबून पाहण्याची बुद्धीही द्यावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.